गवत माणसाएवढं

२३ डिसेंबर ९५, शनिवार

अभयचं पाकीट आलं. जाडजूड. वाटलं फोटो असतील, निघाली माहितीपत्रकं. त्याच्या नेब्रास्का राज्यात काय काय बघायला आहे त्याची. जुना लष्करी किल्ला, मातीची घरं, एका खोलीची शाळा, दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेला गेलेल्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. सगळं रंगीत, गुळगुळीत. काहींना कोपरे मुडपलेले, एकावर कॉफीच्या कपाचा गोल डाग. अमेरिकेचं पर्यटन खातंही आपल्यासारखंच दिसतंय. वर चिठ्ठी, इंग्रजीत: आई, तुझी प्रेअरी. जूनमध्ये ये. बाकी मग बघू.

'मग बघू' म्हणजे घर विकायचं आणि कायमचं तिकडे जायचं. पोर माझंच आहे, त्याची चाल मला कळते. आमिष मात्र बरोबर लावलंय.

सव्वीस वर्षं मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, भूगोल शिकवला. प्रेअरी, पंपास, स्टेप, वेल्ड, डाउन्स. पोरी पाढ्यासारखं म्हणायच्या. घोडेस्वार बुडेल एवढं उंच गवत, असं मी हात वर करून सांगायची. तुम्ही पाहिलंय का, असं एकीनेही कधी विचारलं नाही. हे म्हणायचे, रिटायर झालो की तुझी प्रेअरी दाखवतो. ऑक्टोबरात रिटायर झाले, मार्चमध्ये गेले. होळीच्या तोंडावर.

दिवसभर धुकं. बोलणं फक्त दूधवाल्याशी. 'आधा लीटर.' त्याला आता सांगावं लागत नाही, तरी सांगते. तेवढंच.

२४ डिसें., रविवार

अ.चा फोन. आपली रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवार रात्र. मराठी सगळं समजतं त्याला, बोलतो हिंदीच. लखनौत वाढला, अमेरिकेला गेला, हिंदी सुटली नाही. मराठी कधी धरलीच नव्हती.

विचारलं, गवत खरंच किती उंच आहे रे? हसला. 'आई, अब घास कहाँ. सब मक्का है.' जुनं गवत थोडंसं राखलंय म्हणे, कुंपण घालून, बाहेर पाटी लावून. गवत! कुंपणात!

मग मुद्द्यावर. ट्रॅव्हल एजंटला सांगायचंय. 'वन-वे लूँ या रिटर्न?' म्हटलं, जानेवारीअखेर सांगते. 'तुम वहाँ अकेली हो, मुझे नींद नहीं आती.'

नोव्हेंबरात बाथरूममध्ये घसरले ते त्याला मिश्राइनने सांगितलं. मिश्राइन म्हणजे शेजारीण, आमच्या दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत. त्या दिवशी भिंतीवरून हाका मारून दमली आणि मागच्या दाराने आत आली, म्हणून निभावलं.

लग्नाचं विचारलं. लगेच लाइन खराब झाली. दर वेळी याच विषयाला कशी होते कोण जाणे.

२८ डिसें.

शाळेचा जुना ॲटलास काढला. पेन्सिलीने रस्ता आखला. पहिला दिवस किल्ला, दुसरा मातीचं घर आणि शाळा, तिसरा चाकोऱ्या. सहलीचं वेळापत्रक लावावं तसं. कोण बरोबर आहे माझ्या? चाळीस पोरी? हसू आलं. नंतर नाही आलं.

मातीचं घर वाचलं. माळावर लाकूड नाही, दगड नाही. मग मुळांसकट जमीन कापायची, तिचे ठोकळे एकावर एक रचायचे. छपरावरही तीच माती. पाऊस बाहेर थांबला तरी आत दोन दिवस गळायचं. कधी साप पडायचा. म्हणून बायका छताखाली कापड ताणून बांधत.

लखनौतली आमची पहिली भाड्याची खोली, अलीगंजला. छताचा पोपडा आमटीत पडायचा. यांनी माझं जाड नऊवारी लुगडं, आईने दिलेलं, चार खिळ्यांना ताणून बांधलं होतं. मी रडले. हे म्हणाले, अगं, नेसतेस कधी ते? डोक्यावर तरी असू दे.

आज आठवलं आणि मोठ्याने हसले. घरात आवाज घुमला.

३ जाने. ९६

दलाल 'पार्टी' घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं, अ.ने परस्पर कुणाला तरी सांगितलेलं दिसतं. नवरा-बायको, सभ्य. बाईने स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. यांच्या खोलीत गेली, टेबल बघितलं, म्हणाली, 'यहाँ फ्रिज आ जाएगा.'

जाताना नवऱ्याने विचारलं, 'आप लोग कब जा रहे हैं?'

लोग. मी म्हटलं, 'अभी तय नहीं है.' एकटीने लोग होऊन उत्तर दिलं.

६ जाने.

नेब्रास्काचा कायदा मजेशीर होता. सरकारने सांगितलं, माळावर जा, घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, मग ती तुमची. शेवटी दोन शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची, की हो, ही माणसं इथे खरंच राहिली. ती जमीन आधी ज्यांची होती त्यांच्याबद्दल पत्रकात दीड ओळ. एवढ्या रंगीत कागदावर दीड ओळ पुरली त्यांना.

सोळा वर्षांपूर्वी हे घर बांधलं तेव्हा इंदिरानगरात या गल्लीत आमच्याशिवाय तीन घरं. बाकी सगळं सरपत. माणूस आत गेला तर दिसायचा नाही एवढं गवत. संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. अ. शाळेतून येताना दिसावा म्हणून मी गच्चीवर उभी राहायची. गवत हललं की समजायचं, आला.

म्हणजे मी पाहिलं होतं की! वर्गात पुस्तकातलं सांगत होते आणि घरी त्यातच राहत होते. आजपर्यंत लक्षात आलं नाही. भूगोलाची बाई!

११ जाने.

अलीगंजच्या जोगळेकर वहिनींचा फोन. मराठी मंडळातल्या बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा त्यांच्याकडे. 'तुम्हाला बोलवायचं अगदी मनात होतं हो, पण म्हटलं तुम्हालाच अवघडल्यासारखं नको व्हायला. तिळगूळ मात्र पाठवते.'

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. आवाज छान ठेवला.

टिकली मी सोडलेली नाही, काळी लावते. पण हळदीकुंकू सवाष्णींचं. हे मला काय आज कळलं? मंडळात इतकी वर्षं मीच तर यादी करत होते, कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही. तरी फोन ठेवला आणि भयंकर राग आला. मग राग गेला, आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

१५ जाने., संक्रांत

इथे आज 'खिचड़ी'. मिश्राइनने भिंतीवरून उडदाच्या डाळीची खिचडी दिली, तूप ओतून. आणि विचारलं, 'दीदी, इस बार हल्दी-कुमकुम किस दिन?'

मी म्हटलं, इस बार नहीं.

'क्यों? तबीयत?'

'अब कैसे करूँगी मिश्राइन. भाई साहब नहीं हैं.'

ती गोंधळली. 'तो? उसमें तो सब औरतें होती हैं न. आप ही ने बताया था.'

हो. मीच सांगितलं होतं. लिहून ठेवते, कारण हे आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. यांना माहीत होतं.

इथलं पहिलं वर्ष. गल्लीत मराठी घर आमचं एकच. हळदीकुंकवाला बायका आणायच्या कुठून? म्हणून तिन्ही घरच्या बोलावल्या. एक पंजाबी, एक बंगाली, एक मिश्राइन. मिश्राइनबरोबर तिची सासू आली, अम्माजी. पांढरं लुगडं, कोरं कपाळ. खोलीत आल्या आणि दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या, आपण फक्त बघायला आलोय अशा. मी करंडा घेऊन एकेकीला लावत गेले. त्यांच्यापाशी आले. रीतीप्रमाणे मागे फिरायला हवं होतं. पाय वळेनात. म्हटलं, 'अम्माजी, हमारे यहाँ सबको लगाते हैं. रिवाज है.'

धडधडीत खोटं. रात्री यांना सांगितलं तर हे म्हणाले, रिवाज असाच कुणीतरी पाडतं, आता पाळ.

पाळला. दर वर्षी लावलं. गल्लीत घरं वाढली, चाळीसएक बायका यायला लागल्या, आणि सगळ्यांना पक्कं ठाऊक की महाराष्ट्रात हळदीकुंकू सगळ्याच बायकांचं. एका खोलीच्या शाळेच्या पत्रकात आहे, माळावर नाच असला की बायका कमी पडायच्या, मग काही पुरुष दंडाला रुमाल बांधून बाईच्या जागी उभे राहायचे. कुणी हसायचं नाही. माणसं कमी असली की असं होतं.

मिश्राइनला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खिचडी गार होईल म्हटलं आणि आत आले.

१८ जाने.

सामान कमी करायला घेतलं. जावं लागलंच तर. गाड्यांतून जाणाऱ्यांनी वाटेत जड सामान टाकून दिलं होतं, कपाटं, शेगड्या. बैल दमले की आधी आजीचं कपाट खाली. माझा पाटा-वरवंटा मिश्राइनला विचारला. 'रख लूँगी, पर आपका ही रहेगा,' म्हणाली. तिचा मुलगा उचलायला आला, त्यालाही जड झाला. जागच्या जागी आहे.

यांचे स्वेटर काढले, परत ठेवले.

२० जाने.

बत्ती गुल चारपासून. धुकं, थंडी. एकटं वाटतंय. दुसरा शब्द शोधत नाही.

२१ जाने., रविवार

अ.चा फोन. 'कुछ सोचा?' म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. किल्ल्याबद्दल विचारलं तर म्हणाला, 'हवा बहुत है वहाँ, शाल लाना.' त्याला कसं माहीत, विचारणार होते. लाइन कटली.

२४ जाने.

दुपारी मिश्राइन मागच्या दाराने. 'दीदी, ज़रा आइए तो. पाँच मिनट.' हात पिठाचे होते, ते धुतले आणि तशीच गेले.

तिची बैठक भरलेली. गल्लीतल्या सगळ्या. सतरंजी, मध्ये ताट, ताटात स्टीलच्या दोन वाट्या, एकीत हळद, एकीत सिंदूर. कुंकू नाही, सिंदूर! ओटीत हरभऱ्याऐवजी मटारच्या शेंगा. तिळगुळाऐवजी चौकातली रेवडी. गुलाबदाणी नाही, तर फुलपात्रातून चमच्याने गुलाबजल शिंपडत होती, एकीच्या चष्म्यावर गेलं. आणि प्रत्येकीला एकच ओरड, 'तिलगुड़ लो, मीठा बोलो!'

'आपने नहीं किया तो हमने कर लिया,' म्हणाली. 'कुछ ग़लत हो तो बता दीजिए.'

सगळंच चुकलेलं. मी म्हटलं, सब ठीक है.

उठून पळावं असं वाटत होतं. दाराजवळ भिंतीला टेकून बसले. बसल्यावर लक्षात आलं, ही अम्माजींची जागा.

मग नाव घेणं सुरू. हेही माझंच शिकवलेलं. मिश्राइन उभी राहिली, पदर सावरला: 'लौकी की बेल चढ़ गई छत पे, मिश्राजी का नाम लूँ सबके कहने पे.' टाळ्या. एक एक करत सगळ्यांनी घेतलं. सरदारणीने तर दोनदा.

मग ताट फिरत माझ्याकडे आलं. मिश्राइनच्या हातात नव्हतं. अम्माजी घेऊन आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, एका हाताने भिंत धरून. मी म्हटलं, 'अम्माजी, मुझे नहीं.' त्यांनी ऐकलंच नाही. थरथरतं बोट हळदीत, मग सिंदुरात. टिकलीच्या वर लावलं, नाकावर सांडलं. 'नाम लेव, दुलहिन.' गल्लीतल्या सगळ्या सुनांना त्या दुलहिन म्हणतात. साठीला आलेल्या मलाही.

दहा महिन्यांत नाव घेतलं नव्हतं. घ्यायला कारणच पडलं नव्हतं. बँकेत सांगते तेव्हा इंग्रजीत, 'लेट' लावून. उभी राहिले. काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं:

इंदिरानगरच्या माळावर गवत माणसाएवढं,
माधवरावांचं नाव घेते, उरलंय तेवढं.

कुणाला कळलं नाही. मराठी होतं ना. टाळ्या जोरात वाजवल्या सगळ्यांनी. मी खाली बसले आणि रडले, सगळ्यांसमोर, नाक पुसत. मिश्राइन घाबरली. 'हमसे कुछ ग़लती हुई क्या?' अम्माजींनी तिला डोळ्याने गप्प केलं.

वाण म्हणून प्रत्येकीला चहाची गाळणी. लाल मुठीची. मिश्राइनने जाहीर केलं, आता दर वर्षी पाळीपाळीने, पुढच्या संक्रांतीला दीदींकडे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२५ जाने.

ऊन पडलं एकदाचं. अम्माजी अंगणात खाटेवर. भिंतीपाशी गेले. म्हटलं, आता सांगून टाकावं. 'अम्माजी, एक बात कहनी थी. वो रिवाज... हमारे यहाँ ऐसा है नहीं. मैंने उस दिन...'

'हमका तो पहिले दिन से मालूम रहा,' म्हणाल्या. मटार सोलत होत्या, मान वर केली नाही. 'अइस रिवाज कहूँ नाहीं होत, दुलहिन.'

'फिर?'

'फिर का. तुम झूठ बोलीं, हम लगवाय लीन.' दोन-तीन शेंगा सोलल्या. 'अच्छा लागत रहा.'

सोळा वर्षं. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळून घेतेय.

२७ जाने.

ठरलं. परतीचं तिकीट. जूनमध्ये जायचं, किल्ला, मातीचं घर, चाकोऱ्या, कुंपणातलं गवत, सगळं बघायचं, आणि संक्रांतीच्या आत इथे. घर विकायचं नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेईन. दलालाला फोन करून नाही सांगितलं. 'सोच लीजिए, पार्टी अच्छी है,' म्हणाला. म्हटलं, पार्टी इधर भी अच्छी है. त्याला काही कळलं नाही. मला फार बरं वाटलं.

साक्षीदार दोन लागतात. माझ्याकडे चाळीस आहेत, गाळणीसकट.

२८ जाने., रविवार

फोन बरोबर वेळेवर. सगळं पाठ करून बसले होते.

म्हटलं, परतीचं काढ. संक्रांतीच्या आधीचं. घर राहू दे. त्याचं तेच, 'तुम वहाँ अकेली हो, आई.'

'आहे,' म्हटलं. 'खोटं कशाला सांगू. पण इथे निदान कुणीतरी भिंतीवरून हाक मारतं. तिथे तू ऑफिसला गेलास की मला हाक कोण मारणार? तुझ्या घराला भिंत तरी आहे का मध्ये?'

मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो केलं.

'आई, वो ब्रोशर,' म्हणाला. 'डाक से नहीं मँगाए थे. मैं गया था. हर संडे. गाड़ी लेके. फ़ोर्ट, वो मिट्टी का घर, सब. देखने के लिए कि तुम्हें कितना चलना पड़ेगा, बैठने की जगह है कि नहीं.'

'कुणाबरोबर?'

कॉफीचा डाग आठवला मला. एकाच कपाचा.

मग मराठीत बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, फोनवर तर कधीच नाही. अडखळत, शाळेतल्या पोरासारखं.

'मी पण एकटाच आहे गं, आई.'

पाठ केलेलं सगळं विसरले. गच्चीवर उभी राहून गवत हलण्याची वाट बघायची ते डोळ्यांसमोर आलं. इथे तो घरी तरी यायचा. तिथे माळावर त्याची वाट बघणारं कुणी नाही, आणि मी पेन्सिलीने सहलीचा रस्ता आखत बसले होते.

म्हटलं, 'तिकिटाचं थांब जरा. पुढच्या रविवारी सांगते.'

'अच्छा,' म्हणाला. परत हिंदीत गेला. 'खाना खा लेना.'

फोन ठेवला. भिंतीपलीकडून मिश्राइनची हाक आली, 'दीदी, क्या कहा अभय ने?'

अजून उत्तर दिलेलं नाही. ती भिंतीपाशी उभी आहे.